ताडपत्रीखालचे आप्पा

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्या घराच्या अंगणात, स्वतःच्याच घराकडे पाठ करून, एका तंबूत बसले होते आणि खिडकीतून बायकोशी भांडत होते. भांडण चहातल्या साखरेवरून होतं. कप खिडकीतून बाहेर येत होता, आत जात होता, पुन्हा बाहेर येत होता. तिसऱ्या फेरीला आप्पांनी तो एका घोटात संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "या मॅडम. काही लागलं तर तिला सांगा. काही बोलायचं असंल तर मला सांगा. उलटं करू नका, दोघं बी बेजार होतो."

मी नांदेडहून लातूरला कोचिंग क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायला आले होते. क्लासच्या संचालकांनीच खोली सुचवली होती. "आपल्या प्राणिशास्त्राच्या सरांची माडी रिकामी आहे. घर चांगलं आहे. सर जरा वेगळे आहेत." संचालकांचा 'जरा' कधीच खरा नसायचा. वर्गात मुलं जरा जास्त आहेत म्हणाले होते, आणि मला पहिल्या दिवशी माईकवर शिकवावं लागलं होतं.

आप्पांच्या बायकोला सगळा मोहल्ला अव्वा म्हणायचा. त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि माझा चेहरा बघून खुलासा केला, "घाबरू नका. ह्यांचा भूकंप अजून चालूच हाय."

तो तसा खरोखरच चालू होता. भूकंप झाला त्यानंतर अख्खं लातूर घराबाहेर झोपायला आलं होतं. डॉक्टर, वकील, सराफ, पोस्टातले साहेब, सगळे आपापल्या दारापुढे बाजा टाकून. मग महिना गेला, दोन महिने गेले, एकेक घर आत गेलं, स्लॅबवर पुन्हा विश्वास बसला. आप्पा तेवढे बाहेर राहिले. ते स्वतः भूकंपाच्या गावांत महिनाभर मदतवाटपाला गेले होते, तिथून एक फाटकी ताडपत्री घेऊन आले. गादीवाल्याच्या दुकानात बसून त्यांनी ती स्वतः दाभणाने शिवली आणि अंगणातल्या लिंबाला बांधली. मी आले तेव्हा तिला काही वर्षं झाली होती.

आत का जात नाही, याचं कारण ते माणूस बघून सांगायचे. म्हाताऱ्यांना सांगायचे, हवा चांगली लागते. पोरांना सांगायचे, प्राणिशास्त्राच्या माणसानं प्राण्यासारखं राहावं. मला सांगितलं ते असं : "समोरच्या घरात पंधरा वर्षं एक माणूस राहतो, मॅडम. त्याचं नाव मला भूकंपानंतर कळालं, बाजंवर बाजू-बाजूला झोपलो तवा. आता तो आत गेला. मी बी आत गेलो की त्याचं नाव परत विसरीन."

"मग त्यांच्याकडे जाऊन बसा की."

"दार वाजवावं लागतंय," आप्पा म्हणाले, जणू दार वाजवणं म्हणजे पोलीसकेस.

त्या काळात लातूरला दूधवाल्याच्या आधी फिजिक्स सुरू व्हायचं. पहाटे सायकलींचे थवे निघायचे. मुखेड, नायगाव, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं यायची. आया गावाकडचं घर सोडून एका खोलीत स्टोव्ह घेऊन राहायच्या, पोराला गरम पोळी मिळावी म्हणून. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो टांगलेले, त्यांच्या खाली क्लासचं नाव त्यांच्या नावापेक्षा मोठं. या सगळ्या घाईत आप्पा सदरा-धोतर घालून, खांद्यावर पंचा टाकून, पितळेचा तांब्या हातात घेऊन शिकवायला यायचे. उत्सर्जन संस्था हा त्यांचा जीव की प्राण. मूत्रपिंड शिकवताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा लघवीकडे आदराने बघू लागायची. त्यांचं एक वाक्य सगळ्या बॅचेसना पाठ होतं : "पोटातलं आणि मनातलं वेळेवर बाहेर टाका. बाकी सगळं गाईडात हाय."

प्लास्टिकशी त्यांचं वैर होतं. वडिलांचं उदगीरला किराणा दुकान होतं, त्यामुळे एका हाताने कागदाचा पुडा वळायची कला त्यांच्या बोटांत होती. भाजीवाल्याने कॅरीबॅग दिली की ते ती उलटी करून भाजी पंच्यात ओतून घ्यायचे आणि पिशवी परत करताना म्हणायचे, "ही तुमच्या नातवाला ठेवा. तवर कुजत नसती." साबणही वापरायचे नाहीत. रिठे. वाढदिवसाला मला त्यांनी मूठभर रिठे दिले होते, पुड्यात बांधून. मी ते सुपारी समजून एका पाहुण्यापुढे ठेवले. तो पाहुणा मला बघायला आला होता. पुन्हा आला नाही, आणि आप्पांचे माझ्यावर झालेले उपकार मोजायचे तर सुरुवात तिथून करावी लागेल.

शिबिराची कल्पना आप्पांचीच. भूकंपाच्या मदतीला कोकणातून एक विधवा बाई आल्या होत्या. महिनाभर त्यांनी एका पडक्या शाळेपुढे दोनशे माणसांचा स्वयंपाक केला होता आणि आप्पा त्यांच्या हाताखाली कांदे चिरत होते. जाताना त्या रीतीप्रमाणे म्हणाल्या, "एकदा समुद्र बघायला या हो सर." लोक असं म्हणतात. ऐकणारा 'येऊ की' म्हणतो आणि विषय संपतो. आप्पांनी काही वर्षांनी पत्र टाकलं : येतो आहे, सोबत अठरा विद्यार्थी व एक मॅडम, तंबू आमचे आम्ही आणू, फुकट बसणार नाही, शेतातली कामं सांगा.

बारावीची परीक्षा होऊन मे महिना सरत आला होता. संचालकांना वाटलं, पुढच्या बॅचसाठी जाहिरात चांगली होईल. त्यांनी मुख्य चौकात फलक लावला, 'सागरी तणावमुक्ती शिबिर'. कॅलेंडरवरचे दोन माड, आणि मध्ये आप्पांचा पासपोर्ट फोटो. आप्पा त्यात नारळासारखे दिसत होते. त्यांनी चौकात उभं राहून बराच वेळ तो फलक बघितला आणि म्हणाले, "हा माणूस तणावात हाय."

दोन एसट्या बदलून आम्ही पोचलो. त्या बाईंना आम्ही सगळे काकी म्हणू लागलो; त्यांची नारळ-सुपारीची बाग होती, तिकडे तिला वाडी म्हणतात. विहीर, गोठा, कोकमाची चार झाडं, भाताचा एक मोकळा तुकडा. बागेचं शेवटचं कुंपण ओलांडलं की वाळू, आणि वाळूपलीकडे तो. आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. अठरा पोरं एका ओळीत उभी राहिली, देवळात राहतात तशी. शेवटी शिरूर अनंतपाळचा एक मुलगा, जो दोन वर्षांत वर्गात एकदाही बोलला नव्हता, तो म्हणाला, "एवढं पाणी हाय, अन् आपल्याकडं नळ दहा दिवसाला."

आप्पा धोतर सावरत पुढे गेले, ओंजळ भरली, चाखली आणि थुंकली. "खारट हाय," ते वळून म्हणाले. "देवानं बी भेसळ केली."

भाताच्या तुकड्यात तंबू लागले. सगळे भूकंपाच्या ताडपत्र्यांचे, आप्पांनी ओळखीपाळखीतून जमवलेले. मग आप्पांनी नियम सांगितले. प्लास्टिक नाही. साबण नाही, प्रत्येकी पाच रिठे. ताटं सुपारीच्या विऱ्यांची, म्हणजे गळलेल्या झापांच्या रुंद देठांची, जेवून झालं की गाईपुढे. सकाळी तीन तास शेतातलं काम, मग समुद्र. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात खणलेले दोन चर, मध्ये झावळ्यांचा आडोसा, बाजूला राखेचं घमेलं. दोरीला टांगलेली एक पाटी, एका बाजूला 'रिकामं', दुसऱ्या बाजूला 'सवड नाही'. "लाजू नका," आप्पा म्हणाले. "तुम्ही दोन वर्षं नुसतं घेत आलात. आता जमिनीला काहीतरी द्या."

खरं भांडण पाण्यावरून झालं. अंघोळीला माणशी तीन तांबे, असा आप्पांचा हुकूम. काकींनी तो ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"अहो सर, न्हाऊ द्या की हो पोरांना पोटभर! उन्हातान्हातून आलीत. विहीर भरलेली आहे माझी."

"भरलेली हाय म्हणूनच सांगतोय. रिकामी झाल्यावर कोण ऐकत नसतंय."

"हे कोकण आहे, तुमचं लातूर नाही."

"लातूर बी आधी लातूर नव्हतं," आप्पा म्हणाले.

काकींनी मुलांचा पक्ष घेतला. मुलांनी बादल्याच्या बादल्या ओतून घेतल्या. शिवाय माडांच्या बुंध्याशी केलेली आळी भरायची, गाईंचं पाणी, भांडी. तिसऱ्या दिवशी सकाळी काकी विहिरीवर गेल्या, पोहरा तळाला आपटल्याचा आवाज आम्ही तंबूत ऐकला. मे महिन्यात कोकणातल्या विहिरीसुद्धा थकतात, हे काकींना माहीत होतं, फक्त अठरा पोरांचा हिशेब नव्हता. त्या पदराला हात पुसत आल्या. "सर, तो तुमचा तांब्यांचा नियम काय होता?"

जिंकल्यावर नम्र होणाऱ्यांतले आप्पा नव्हते. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, काकींना पुढे बसवलं आणि पाऊण तास व्याख्यान दिलं. शेवटी काकीच म्हणाल्या, "पुरे हो, घसा सुकेल, मग पाणी मागाल."

कामं मात्र पोरांना आवडली. दोन वर्षं ज्यांच्या हाताला पेनाशिवाय काही लागलं नव्हतं, ती शेण काढू लागली, झावळ्या ओढू लागली. सगळ्यांत जास्त गर्दी कोकमांपाशी. फळ कापायचं, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवून चटईवर वाळत घालायची. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लालजांभळे. यात मुखेडची वैशाली सगळ्यांच्या पुढे होती. बोलायची कमी, कापायची भराभर. वडील एसटीत कंडक्टर. गेल्या वर्षी तिचे मार्क मेडिकलला थोडक्यात हुकले होते, म्हणून हे दुसरं वर्ष. काकी तिला म्हणाल्या, "तू राहा गो माझ्याकडे." ती हसली होती. दोन वर्षांत मी तिला हसताना बघितलं ते तेव्हा.

पाच दिवसांचं शिबिर होतं. पाचव्या दिवशी आप्पांनी जाहीर केलं की एसटीचं रिझर्व्हेशन चुकून दोन दिवस पुढचं झालं आहे. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मीही ठोकली.

सहाव्या दिवशी सकाळी काकी बाजारातून आणलेली सुकट डब्यात भरत होत्या. आप्पांच्या घरात सात पिढ्यांत मासळी शिरली नव्हती, त्यामुळे काकी बिचाऱ्या हे काम गोठ्यामागे जाऊन करायच्या. मी तिथे शेणाची टोपली घेऊन गेले आणि सुकटीखालचा वर्तमानपत्राचा कागद माझ्या नजरेला पडला. तेलकट, खारट वासाचा, आदल्या दिवशीचा. त्यावर चौकटीत छापलं होतं : बारावीचा निकाल गुरुवारी.

त्या दिवशी बुधवार होता.

आप्पा विहिरीवर दोर गुंडाळत होते. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी नाक धरलं, मग वाचलं.

"उद्या निकाल आहे, आप्पा."

"हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"निघायच्या आदल्या दिवशी बोर्डातल्या ओळखीच्यानं कानात सांगितलं. म्हणून तर बस चुकवली."

मला इतका राग आला की मी त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं. "मनातलं वेळेवर बाहेर टाका, म्हणून कोण शिकवतं?"

आप्पा दोर खाली ठेवून विहिरीच्या कठड्यावर बसले. "तीन वर्षांमागची एक पोरगी हाय," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधीची. निकालाच्या दिवशी क्लासपुढं ही गर्दी. बँड लावला होता. मी पेढे वाटत होतो. ती माझ्यापुढून गेली, मी तिच्या बी हातावर पेढा ठेवला, तोंड न बघता. ती घरी गेलीच न्हाई. तीन दिवस आम्ही विहिरी बघितल्या, मॅडम. मी आणि तिचा चुलता. गळ टाकून."

मी कागदाची घडी घातली.

"चौथ्या दिवशी सापडली. तुमच्या नांदेडात. गुरुद्वाऱ्यात लंगरला भांडी घासून राहिली होती. कोपरापर्यंत राख. मला बघून म्हणाली, आप्पा, थांबा, एवढी परात होऊ द्या. लई शांत होती. तवा मला वाटलं, निकाल कळायचाच असंल तर असा कळावा. हात कामात असताना. क्लासपुढं न्हाई, बँडपुढं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या दुपारपर्यंत थांबा. मी स्वतः एकेकाला सांगतो."

मी तेव्हाच पोरांना हाक मारायला हवी होती. नाही मारली. आप्पांचं म्हणणं मला पटलं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मला समुद्र अजून एक दिवस हवा होता. मी चोवीस वर्षांची होते.

गुरुवारी पोरांना कोकमांवर बसवून आम्ही दोघं निघालो. फोनचा बूथ एसटीच्या थांब्यावर, तासभर चाल. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात अठरा जणांचे बैठक क्रमांक होते, लातूरहून निघतानाच लिहून घेतलेले. बूथवाल्या बाईंनी दहा वेळा नंबर फिरवला तेव्हा एकदा लागला. क्लासच्या क्लार्कने आवाज ओळखताच रिसीव्हर संचालकांकडे दिला. पुढचं मला वेगळं ऐकावं लागलं नाही, कारण आप्पांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता आणि थांब्यावरची माणसंसुद्धा ऐकत होती.

"कुठं आहात तुम्ही? इथं पालक दार तोडून राहिलेत! फोटो काढायला पोरं कुठून आणू मी?"

"पोरं शेण काढून राहिलीत," आप्पा म्हणाले. "मार्क सांगा."

क्लार्कने मार्क वाचले, मी लिहिले. बरीच पोरं चांगली निघाली होती. शिरूरच्या न बोलणाऱ्याने तर कमाल केली होती. एकजण केमिस्ट्रीत गेला होता. वैशाली पास होती, पहिल्या वर्गात. पण मेडिकलला लागणारे मार्क याही वेळी नव्हते. मी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

आप्पांनी वाटेत सगळं ठरवलं. एकेकाला काम करता करता सांगायचं, हळू आवाजात, पुढच्याला कळू न देता. सुरुवात शिरूरच्या मुलापासून केली. तो गोठ्यात होता. आप्पा त्याच्या कानाशी वाकले. पुढच्या क्षणी त्या मुलाने, जो दोन वर्षं बोलला नव्हता, अशी किंकाळी फोडली की गाय दावं तोडून निघाली. शेणाच्या हातांनी त्याने आप्पांना उचलून घेतलं. आप्पांची योजना एवढीच टिकली. अर्ध्या मिनिटात सगळी पोरं माझ्याभोवती होती, कागद ओढत, नाचत, रडत. केमिस्ट्रीत गेलेला वाळूत जाऊन पालथा पडला आणि त्याचे दोन मित्र नाचायचं सोडून त्याच्याशेजारी पालथे पडले. काकी गाईमागे धावत होत्या.

वैशाली कोकमांपाशीच बसून होती. आप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला आकडा सांगितला. तिने हातातलं फळ कापलं, बिया काढल्या, साल चटईवर ठेवलं.

"आप्पा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? आज निकाल हाय म्हणून?"

"निघायच्या आधीपासून."

"आम्हाला काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाला इथं, सगळ्यांत... हातात काम असताना..." आप्पांना वाक्य पुरं करता येईना. असं मी पहिल्यांदाच बघत होते.

"माझं सोडा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझा बाप आज ड्यूटी सोडून क्लासच्या दारात उभा असंल. सकाळपासून. गर्दीत. मी इथं सगळ्यांत हाय, माझ्याजवळ काकी हायत, मॅडम हायत. त्यानं माझा निकाल एकट्यानं ऐकायचा व्हय?"

आप्पांनी चटईवरचं एक साल उचलून परत ठेवलं. मी तर कालपासून या कटात होते. तीन दिवस विहिरी शोधलेल्या माणसाने पोरांचा विचार केला होता. त्या तीन दिवसांत घरी बसलेल्यांचा केला नव्हता.

वैशाली उठली, हात ओढणीला पुसले आणि चालू लागली. रस्ता विचारला नाही. आप्पा तिच्या मागे गेले, पायात वहाणा न घालता. मी त्या हातात घेऊन त्यांच्या मागे. भर दुपारची वेळ, रस्ता तापलेला. तासाभराने बूथ आला.

फोन पाचव्या वेळी लागला. क्लार्कने कंडक्टरसाहेबांना गर्दीतून शोधून आणलं. ते होतेच.

"बाबा, मी वैशू. जेवलात का?" ती म्हणाली. "चहा तरी? ... कळालं ना? ... हाव. ... हाव, पुरत न्हाईत. ... न्हाई, रडून न्हाई राहिले. कोकम कापून राहिले. ... कोकम. आमसूल. आमटीतलं. ... हाव, त्याचं झाड असतंय." काचेवर तिची लाल बोटं टेकलेली होती. "बाबा, तुम्ही रडू नका ना. तिथं कोणी हाय का जवळ? ... कोणीच?"

तिने रिसीव्हर आप्पांपुढे धरला. "बोला."

आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला, प्रसाद घ्यावा तसा. "कंडक्टरसाहेब, मी चुकलो," ते म्हणाले. "पोरं तुमच्यापासून लांब न्यायला नको होती आजच्या दिवशी." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. आप्पांनी मान हलवली, फोनवर दिसत नाही हे विसरून. रिसीव्हर ठेवला आणि पायरीवर बसून राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पोरगी सकाळपासून उपाशी असंल, तिला काही खायला घाला."

बूथशेजारच्या टपरीत भजी मिळत होती. वैशालीने दोन प्लेटा खाल्ल्या. आप्पांशी ती परतीच्या प्रवासातही बोलली नाही.

लातूरला काय झालं ते सांगायला नको. दोन पालकांनी एसटी स्टँडवरच आप्पांना गाठलं. शब्द लई वाईट होते. आप्पांनी सगळे खाली मान घालून ऐकले. संचालकांनी आठवड्याभरात आप्पांना क्लासमधून काढलं, पण काढताना शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, कारण सत्काराचा फोटो छापता येतो आणि हकालपट्टीचा येत नाही. आप्पा नारळ घेऊन घरी आले. अव्वा खिडकीतून म्हणाल्या, "एवढ्यासाठी कोकणात गेला होतात व्हय? चौकात मिळतो की."

वैशालीने परभणीला कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. दिवाळीच्या सुमारास तिचं एक पोस्टकार्ड आलं. एका ओळीचं. 'पुढल्या वर्षी आईबापांना बी न्या.' खाली सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात, काकींना नमस्कार.

आप्पांनी नेलं. या वेळी क्लास नव्हता, फलक नव्हता. निकालाची तारीख आप्पांनी आधीच सगळ्यांना सांगून टाकली. ओळखीतली बारा पोरं आणि त्यांचे आईबाप. अव्वासुद्धा आल्या, ताडपत्रीखाली झोपणार नाही या अटीवर, आणि पहिल्या दिवसापासून काकींच्या ओटीवर त्यांनी मुक्काम ठोकला. दोन वर्षं स्टोव्हपुढे बसलेल्या आयांना कुणीतरी आयतं ताट हातात दिलं तेव्हा त्यांना काय करावं ते सुचेना. त्यातली एक दुपारभर लाटांत जाऊन बसली, पातळासकट, आणि हाका मारल्या तरी उठेना. बापांनी चरावरून गोंधळ घातला. उदगीरचा एक धिप्पाड आडत्या तर रोज सकाळी आप्पांना विचारायचा, "मास्तर, हे काय जनावरांचं शिबिर हाय?" आणि आप्पा रोज हाव म्हणायचे. वैशाली परभणीहून परस्पर आली होती, वडिलांना घेऊन.

निकालाच्या दिवशी बूथवर तीच गेली. कागद घेऊन परत आली तेव्हा सगळे वाळूवर जमले होते. आप्पा काही बोलायला उठणार, तेवढ्यात तिने विचारलं, "ज्याला आधी एकट्यानं ऐकायचंय त्यानं हात वर करा."

मग दोन हात वर झाले. एक नायगावच्या मुलीचा. दुसरा त्या आडत्याचा.

वैशाली मुलीला बाजूला घेऊन गेली, परत आली. मग आडत्याच्या कानाशी वाकली. तो म्हणाला, "बरं." थोड्या वेळाने म्हणाला, "परत एकदा सांग, माय." तिने परत सांगितलं. त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "तुला ही ताई सांगंल का?"

"तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला.

आडत्याने त्याचं मनगट धरून त्याला वाळूत आपल्या शेजारी बसवलं. आणि काही न बोलता बसून राहिला. सगळे बघत होते. आप्पांना राहवलं नाही, ते मदतीला उठले. अव्वांनी त्यांच्या धोतराचा सोगा धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "बाप सांगतोय."

आप्पा बसले.